मापाऱ्याने मागवलेलं घर

फार फार पूर्वी, म्हणजे तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनीही ही गोष्ट दुसऱ्याकडूनच ऐकली होती इतक्या पूर्वी, एका रुंद नदीच्या काठी चढावर वसलेलं एक गाव होतं. गाव लहान होतं, पण तिथे ज्वारी मोप पिकायची आणि माणसं हसायला कारण शोधत बसत नसत.

या गावाची घर बांधायची एक रीत होती. ज्याला घर बांधायचं असेल त्याने दारोदार जाऊन एवढंच म्हणायचं, "माझ्या घराला हात लावा." मग घरटी एक माणूस येई. कुणी दगड वाही, कुणी पांढरी माती तुडवी, कुणी भिंत चढवी. घरधन्याने रोज सगळ्यांना जेवू घालायचं. घर उभं राहायला तीन-साडेतीन महिने लागत. शेवटी मागची भिंत लिंपून झाली, की ती ओली असतानाच राबलेल्या प्रत्येकाने तिच्यावर आपला उजवा पंजा उमटवायचा. पावसाने पंजे पुसट झाले, तर दर वर्षीच्या लिंपणाला ज्याने त्याने येऊन ते पुन्हा उमटवायचे. त्यामुळे कुठल्याही घराच्या मागे जाऊन उभं राहिलं, की हे घर कुणी कुणी बांधलं ते सांगता येई. नदीच्या दोन्ही काठांवर हीच रीत होती.

त्या गावात एक मापारी होता. त्याला नावही होतं, पण त्याची आई गेल्यापासून ते कुणी वापरलं नव्हतं. खळ्यावर धान्याची रास पडली की पायलीने ती मोजून द्यायची, हे त्याचं काम. पहिली पायली ओतताना मापारी 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. लाभ, दोन, तीन, चार असा त्याचा खणखणीत आवाज सकाळपासून खळ्यावर घुमत असे. त्याच्या मापात कधी दाणा इकडचा तिकडे झाला नाही. माणूस सरळ होता, कष्टाळू होता.

पण त्याला एक खोड होती. जिथे धान्य नाही तिथेही तो मोजत बसे. विहिरीपर्यंत पावलं किती, शेजारीण दिवसातून किती वेळा 'अगं बाई' म्हणते, हे सगळं त्याला पाठ होतं. कुणी "माझ्या घराला हात लावा" म्हणत आलं, की तो मनातल्या मनात हिशेब करी. आपला एक अख्खा दिवस जाणार आणि मिळणार काय, तर दोन भाकरी, पिठलं आणि कांदा. हे परवडत नाही. मग तो म्हणे, "आलो असतो हो, पण खळ्यावर काम आहे." भर पावसाळ्यात, खळ्यावर चिटपाखरू नसतानाही तो हेच म्हणे. लोक हसत आणि पुढच्या दाराला जात. त्यामुळे गावातल्या एकाही भिंतीवर त्याचा पंजा नव्हता. तो स्वतः गावाच्या धान्यकोठाराच्या माळ्यावर, पोत्यांच्या शेजारी झोपत असे आणि त्याला घराची गरज कधी वाटली नव्हती.

एकदा पलीकडच्या काठावर बाजाराला जाताना तो नावेत बसला. त्या दिवशी नावाड्याची मुलगी सगुणा नाव वल्हवत होती. मापारी सवयीने वल्ह्याचे फटके मोजू लागला. लाभ, दोन, तीन. नदीच्या मध्यावर सगुणाने सहज वर पाहिलं आणि मापाऱ्याची मोजणी चुकली. जन्मात पहिल्यांदाच चुकली. काठाला लागल्यावर त्याने थेट नावाड्याला गाठलं आणि मागणी घातली.

नावाडी जाडजूड मिशांचा, सावकाश बोलणारा माणूस होता. त्याने मापाऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"माणूस बरा हाईस," तो म्हणाला. "माप खरं हाय तुझं, सगळी सांगत्यात. माझ्या पोरीलाही तू नापसंत न्हाईस, तिनं पाणी उडवलं न्हाई तुझ्या अंगावर. पर ती काय पोत्यांच्या माळ्यावर नांदायची न्हाई. तुमच्या गावचं शेवटचं खळं मोजून व्हायच्या आत तुझं घर उभं कर. मी येऊन बघीन. न्हाई झालं, तर वरच्या घाटाचा नावाडी कधीचा मागणी घालून बसलाय."

मळण्या सुरू झाल्या होत्या. शेवटचं खळं मोजून व्हायला फार तर महिना होता. आणि खळी मोजणारा तर हाच. जितक्या भरभर तो मोजेल तितकी त्याची मुदत सरणार. गावाच्या लक्षात आलं, की मापारी हल्ली प्रत्येक पायली दोनदा सपाट करतो आणि दर वीस पायल्यांना पाणी प्यायला जातो.

त्याच सुमारास दूरच्या शहरातून एक व्यापारी बाजारात आला. त्याच्या गाडीवर एक छोटं लाकडी घर होतं, कोंबड्यांच्या खुराड्याएवढं. तो लोकांसमोर खुंट्या काढून ते मोडी आणि बघता बघता पुन्हा उभं करी.

"असंच मोठं घर चार गाड्यांतून दारात आणून देतो," तो म्हणाला. "फळ्या, वासे, दार, खिडक्या, छप्पर, सगळं कापून, रंधून तयार. प्रत्येक तुकड्यावर खूण कोरलेली आहे. पोपटाला पोपट जुळवा, माशाला मासा, कमळाला कमळ. एका दिवसात घर. बारा पोती ज्वारी. गाडीत आहे ते माझं, जमिनीचं काय ते तुमचं."

शेवटचं वाक्य त्याने इतरांइतकंच मोठ्याने म्हटलं होतं. पण मापाऱ्याचे कान 'एका दिवसात' या शब्दांपाशीच थांबले होते.

तो कोठारात परतला. त्याने दोन रिकाम्या पायल्या समोर ठेवल्या आणि चिंचोक्यांची पिशवी उघडली. डावी पायली गावच्या रीतीच्या घराची, उजवी मागवलेल्या घराची. खर्चाची प्रत्येक बाब म्हणजे एक चिंचोका. ज्या पायलीत जास्त चिंचोके, ते घर महाग.

त्याने डावी भरायला घेतली. दगड, माती, लाकूड, कौलं. मग दिवस आले, तीन महिन्यांचे नव्वद चिंचोके. मग भाकऱ्या. रोज चाळीस माणसं, प्रत्येकाच्या दोन-दोन, शिवाय पिठलं. इथे तो मूठमूठ टाकू लागला. शेवटी एक बाब उरली. दारोदार जाऊन "माझ्या घराला हात लावा" म्हणायचं. ज्यांना आपण कधी हात लावला नाही, त्यांच्या दारात उभं राहायचं. याचे चिंचोके किती ते त्याला ठरवता येईना. कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने एक भली मोठी ओंजळ टाकली आणि पायली वरून सांडू लागली.

मग उजवी. बारा पोत्यांचे बारा, एका दिवसाचा एक. तेरा चिंचोके पायलीच्या तळाशी इकडून तिकडे खुळखुळत होते. मापारी खूश झाला. दुसऱ्या दिवशी त्याने बारा पोती मोजून दिली आणि घर मागवलं.

पंधरा दिवसांनी चार गाड्या गावात शिरल्या. सगळं गाव बघायला लोटलं. पोरं फळ्यांवरचे पोपट मोजू लागली. मापाऱ्याने गावाच्या वरच्या अंगाला मिळालेली आपली जागा ऐटीत दाखवली.

व्यापाऱ्याने जागेकडे पाहिलं, मग मापाऱ्याकडे. "जोतं कुठे आहे?"

"कसलं जोतं?"

"अहो, हा उतार आहे. घर काय उतारावर घसरत ठेवायचं? खाली दगडाचं सपाट जोतं लागतं. बाजारात मी सांगितलं होतं, जमिनीचं काय ते तुमचं." व्यापारी खोटारडा नव्हता. त्याने खरंच सांगितलं होतं. "बैलांना तीन दिवस विसावा देतो. तोवर जोतं झालं तर घर उभं करून जाईन. नाहीतर लाकडं इथेच उतरवून ठेवतो, तुमचं तुम्ही जुळवा."

मापाऱ्याला घाम फुटला. गावात जोत्याचं काम जाणणारी एकच व्यक्ती होती, बायजाआजी. नवरा गवंडी होता, त्याच्या हाताखाली शिकता शिकता ती त्याच्याहून सरस गवंडीण झाली होती. दात एकही उरला नव्हता, पण ओळंबा न लावता भिंतीचा कल सांगायची. मापारी तिच्या दारात तीनदा गेला आणि तीनदा परतला. चौथ्यांदा तिनेच आतून हाक मारली.

"आत ये की रे मापाऱ्या. तुझ्या येरझाऱ्या मोजून दमले मी."

मापारी उंबऱ्यात उभा राहिला. शेवटी कसंबसं म्हणाला, "आजी, माझ्या घराला हात लावा."

"लावू की," आजी म्हणाली, जशी काही ती याचीच वाट बघत होती. "त्यात लाजायचं काय? पर उद्या कुंभाराची मागची भिंत घालायची हाय. तिथं माणूस कमी पडतंय. उद्या तू तिकडं ये, परवा आम्ही समदी तुझ्याकडं येतो."

"खळ्यावर..." मापाऱ्याने सवयीने सुरुवात केली आणि जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी तो कुंभाराकडे गेला. माती तुडवायची असते एवढंच त्याला माहीत होतं. कशी, ते माहीत नव्हतं. पहिल्याच पावलाला तो घसरला आणि चिखलात बसला. उठला, पुन्हा बसला. कुंभारीण हसता हसता डोळे पुसू लागली. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही बसूनच तुडवा." मापाऱ्यालाही हसू आलं. दुपारपर्यंत त्याला लय सापडली आणि मग तो असा काही नाचला की माती लोण्यासारखी झाली. संध्याकाळी भिंत लिंपून झाली. सगळ्यांनी पंजे उमटवले. मापारी आपला पंजा टेकवत असताना त्याचा पाय पुन्हा सरकला, त्यामुळे पंजा तिरका आणि बोटं फाकलेला असा उमटला. पुन्हा नीट उमटवू का, असं त्याने विचारलं. "ऱ्हाऊ दे," कुंभार म्हणाला, "तुझाच हाय हे लांबून कळंल."

तिसऱ्या दिवशी उजाडताच चाळीस माणसं मापाऱ्याच्या जागेवर हजर झाली. बायजाआजी दोरी धरून उभी राहिली आणि दगड हातोहात चढू लागले. मापारी चुलीपाशी होता, कारण जेवण घरधन्याने घालायचं. त्याने आजवर एका माणसापुरताच स्वयंपाक केला होता. पण मापात तो चुकणार नव्हता. एका माणसाला लागतं त्याच्या चाळीस पट पीठ त्याने मोजलं, चाळीस पट पाणी मोजलं. मीठ तो एरवी चिमटीने टाकी. चिमूट मोजायची कशी, ते त्याला कळेना. मग त्याने तेही मापानेच घेतलं.

पहिल्याच घासाला चाळीस हात ताटावरच थांबले. कुंभाराने हळूच पाण्याचा तांब्या उचलला. मग सगळेच तांब्यांकडे धावले.

"काय झालं?" मापाऱ्याने काळजीने विचारलं.

"काही न्हाई बाबा," बायजाआजी म्हणाली. "आज नदीचं पाणी हातभर उतरणार, एवढंच." त्यावर जो हशा उसळला तो व्यापाऱ्याच्या बैलांनीसुद्धा मान वर करून ऐकला. कुंभारणीने पिठल्यात आणखी पाणी आणि पीठ घातलं, शेजारणी आपापल्या घरून ताक घेऊन आल्या आणि जेवण झकास झालं. दिवस मावळायच्या आत जोतं तयार होतं, चढाच्या बाजूला वीतभर आणि उताराच्या बाजूला कमरेएवढं, वर परातीसारखं सपाट.

मापाऱ्याने कोठारात जाऊन उजव्या पायलीत चिंचोके टाकले. दगडाचे टाकले, तीन दिवसांचे टाकले, भाकऱ्यांचे मूठमूठ टाकले.

चौथ्या दिवशी घर उभं राहिलं. खरोखरच एका दिवसात उभं राहिलं, हे मी व्यापाऱ्याच्या बाजूने सांगतो. पोपटाला पोपट जुळला, कमळाला कमळ. कोपरे काटकोनात, दार बोटाने ढकललं तरी बंद होई. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बायजाआजीनेही एका फळीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "रंधा चांगला मारलाय." व्यापारी गाड्या जुंपून आनंदाने निघून गेला.

मापारी दोन्ही पायल्या घेऊन त्या घरात राहायला गेला. दुसऱ्या दिवशी नदीवरून वारं सुटलं आणि फळ्यांच्या फटींतून शिट्ट्या वाजू लागल्या. दुपारी ऊन तापलं तसं घर भट्टीसारखं तापलं. चूल घालायला जागा होती, चूल नव्हती. दारासमोर पायरी नव्हती. तो प्रत्येक गोष्टीचा चिंचोका टाकत गेला. पुन्हा कुणाच्या दारात जाऊन मागावं असं त्याला शंभरदा वाटलं. पण एकदा चाळीस माणसांना राबवलं, खारट पिठलं खाऊ घातलं, आता पुन्हा कुठल्या तोंडाने जायचं? जाऊ दे, तो म्हणाला. आता एकच रास मोजायची राहिली होती. नावाड्याला आणून घर दाखवावं आणि मोकळं व्हावं. तो पलीकडच्या काठाला गेला. नावाड्याला दुसऱ्या दिवसापर्यंत सवड नव्हती, म्हणून त्याने गावात तसा निरोप पाठवला आणि तो तिथेच थांबला.

इकडे गाव त्या घराकडे बघून हळहळत होतं. या गावात घराचा लाकडी सांगाडा आधी उभा करतात आणि मग मातीने भरतात, लिंपतात. लाकूड उघडं राहिलेलं घर म्हणजे अर्धवट राहिलेलं घर, यापलीकडे दुसरा विचार त्यांच्या मनात येणंच शक्य नव्हतं.

"सांगाडा झाला, गिलावा राहिला बघ," कुंभार म्हणाला.

"पोरगा मागायला लाजतोय," बायजाआजी म्हणाली. "उद्या सासरा बघायला यायचा आणि घर हे असं उघडंवाघडं. चला, माती कालवा."

आणि ज्या घराच्या गुळगुळीत फळ्यांसाठी बारा पोती ज्वारी गेली होती, त्याला गावाने पोपटांसकट, कमळांसकट, मनापासून चिखल फासला. आतून फासला, बाहेरून फासला. दोन बोटं जाडीचा गिलावा, वरून शेणामातीचा हात. कुंभारणीने चूल घातली. कुणी उरलेल्या दगडांची पायरी बसवली. शेवटी मागच्या बाजूला जाऊन सगळ्यांनी रीतीप्रमाणे पंजे उमटवले.

दुसऱ्या दिवशी नाव काठाला लागली. वल्हं सगुणाच्याच हातात होतं. नावाडी आणि मापारी उतरून चढ चढू लागले, सगुणा नाव बांधून मागून आली. मापारी वाटेत घराचं वर्णन करत होता. गुळगुळीत फळ्या, कोरलेले पोपट, शहरातलं काम. वळण आलं आणि तो जागच्या जागी थांबला.

"माझं घर," तो म्हणाला. "माझं घर कुठं गेलं?"

जोत्यावर एक मातीचं घर उभं होतं, ओलं, तांबूस, उन्हात चकाकणारं. दारात सगळं गाव आपल्या कामावर खूश होऊन उभं होतं. बारा पोती चिखलात गेली होती आणि सासरा शेजारी उभा होता. त्याला ओरडावंसं वाटलं. पण समोर कुंभारणीच्या कोपरापर्यंत माती होती आणि ती हसत होती, त्यामुळे त्याला ओरडताही येईना.

नावाड्याने घराची पुढची बाजू पाहिलीसुद्धा नाही. "नाव घेताना मी आधी तळ बघतो," तो म्हणाला आणि थेट मागे गेला. सगळे त्याच्या पाठोपाठ गेले.

मागची भिंत पंजांनी भरून गेली होती. मोठे, छोटे, एक सहा बोटांचा, एक बायजाआजीचा वाळक्या पानासारखा. नावाडी बराच वेळ बघत राहिला. त्याने एका पंजाच्या कडेला बोट लावलं, बोटाला ओली माती लागली.

"कालचेच हायेत," तो म्हणाला. "तू तर काल माझ्याकडं होतास. मग ह्यांना बोलावलं कुणी?"

"कुणीच नाही," मापारी म्हणाला आणि म्हणता म्हणताच त्याला ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं. त्याने बोलावलं नव्हतं. तरी चाळीस माणसं आली होती. त्याचे डोळे भरून आले. ते लपवायला त्याच्यापाशी काही नव्हतं, म्हणून त्याने ते तसेच राहू दिले.

नावाड्याने मिशीवरून हात फिरवला. "घर पास. पर माझा अजून एक प्रश्न हाय. ह्या लोकांचे हात तुझ्या भिंतीवर हायेत. तुझा हात ह्यांच्या किती भिंतींवर हाय?"

मापाऱ्याला सगळी गावची घरं आठवली आणि प्रत्येक घराला दिलेलं खळ्याचं कारण आठवलं. खोटं माप त्याने कधी दिलं नव्हतं, आजही देणार नव्हता. सगुणा बाजूला उभी होती. आता सगळं संपलं असं त्याला वाटलं. त्याने मान खाली घातली आणि मोजणाऱ्या माणसाच्या तोंडून पहिल्या आकड्याला जो शब्द येतो तोच आला.

"लाभ," तो म्हणाला.

"काय?"

"लाभ. म्हणजे कुंभाराच्या भिंतीवर. तिथे आहे. तेवढाच आहे."

"जरा तिरका हाय," कुंभार मध्येच म्हणाला. "पर हाय."

नावाड्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे आणि त्याच्या मिशा हलू लागल्या. "मोजायला सुरुवात केलीस म्हणायची," तो म्हणाला आणि पोट धरून हसू लागला. "पोरी, काय म्हणतीस?"

सगुणा तिथे नव्हतीच. ती घर आतून बघायला गेली होती. सगळे आत आले तेव्हा ती कोपऱ्यातल्या दोन पायल्यांकडे बघत होती. फटींतून आता वारं येत नव्हतं. बाहेर ऊन होतं आणि आत माठाच्या पोटासारखा गारवा होता.

"ह्या चिंचोक्यांचं काय?" तिने विचारलं.

मापाऱ्याने सांगितलं. डावी पायली गावच्या रीतीची, उजवी मागवलेल्या घराची. सुरुवातीला उजवीत तेरा चिंचोके होते. मग जोतं आलं, जेवण आलं, फटींतलं वारं, चूल, पायरी आली. "आता उजवी डावीपेक्षा बोटभरच कमी आहे," तो खरं ते बोलला. "तरी दोन महिने लवकर झालं, हे मानायला पाहिजे."

"ते खरं," सगुणा म्हणाली. "लाकूडबी चांगलं हाय. वासा ठोकून बघितला मी." मग तिने डाव्या पायलीतून मूठभर चिंचोके उचलले. "ह्या मुठी कशाच्या?"

"भाकऱ्यांच्या. रोज चाळीस माणसं जेवणार, त्यांच्या."

"आणि ही वरची ओंजळ?"

मापारी लाजला. "ती लोकांना हाक मारण्याची."

सगुणाने मूठ पुन्हा पायलीत सोडली. "म्हंजी जेवायला येणारी माणसं तुम्ही खर्चात धरली. मग मागच्या भिंतीवरचे ते हात कुठल्या पायलीत टाकले?"

मापाऱ्याने डाव्या पायलीकडे पाहिलं, उजव्या पायलीकडे पाहिलं. तिसरी पायली नव्हती. इतकी वर्षं तो खळ्यावर पहिल्या मापाला लाभ म्हणत आला होता आणि इथे एवढे लाभ खर्चाच्या मापात टाकून बसला होता. सगुणाने दोन्ही पायल्या पदरात ओतल्या, नव्या चुलीत जाळ केला आणि चिंचोके तव्यावर भाजायला टाकले. गावची पोरं वासावर धावत आली. मापाऱ्याचा सगळा हिशेब त्या दुपारी पोरांनी कडाकडा चावून खाल्ला.

शेवटची रास मोजायची होती ती गावाच्या टोकाच्या एका शेतकऱ्याची. तो म्हणाला, "माझी ज्वारी जरा सर्द वाटतीय, चार दिवस उन्हात राहू द्या." ज्वारी चांगली खडखडीत होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्या चार दिवसांत मापारी मोकळा राहिला आणि लग्न झालं. जेवणातलं मीठ सगुणाने घातलं आणि नवऱ्या मुलाला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. पाचव्या दिवशी मापाऱ्याने ती रास मोजली, प्रत्येक पायली एकदाच सपाट करून, झपाट्याने.

वर्ष उलटलं. व्यापारी पुन्हा त्या वाटेने आला आणि आपलं घर शोधत गावभर फिरला. सगळी घरं मातीचीच. शेवटी एका जोत्याशी तो थांबला, कारण दार बोटाने ढकलल्यावर बंद झालं. त्याने कपाळाला हात लावला. मग आत बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या, गारव्यात डुलकी काढली आणि उठल्यावर म्हणाला, "हे मला सुचलं नव्हतं." त्यानंतर तो जिथे जाई तिथे गिऱ्हाइकाला आधीच सांगू लागला, "फळ्या, दार, छप्पर गाडीत आहे. जोतं, गिलावा आणि शेजारी गाडीत नाहीत, ते तुम्ही आधी बघून ठेवा." त्याचा धंदा कमी झाला नाही. घाईची गरज असणारी माणसं जगात पुष्कळ असतात आणि त्यांना अशी घरं उपयोगीच पडतात.

आणि मापारी? त्या गावातल्या कुठल्याही घराच्या मागे जाऊन बघितलं असतं, तर पुढे कित्येक वर्षं तुम्हाला एक तिरका, बोटं फाकलेला पंजा दिसला असता. चिखलात त्याचा पाय प्रत्येक वेळी घसरतच असे. हाक आली की तो पायली उपडी ठेवून निघे आणि संध्याकाळी घरी आल्यावर सगुणा विचारी, "आज कितवी भिंत?" तो आकडा सांगत नसे. हात धुता धुता दर वेळी एकच उत्तर देई, "लाभ."

तात्पर्य: घराचा खर्च जरूर मोजावा, पण हाकेला धावून येणारी माणसं कधी खर्चाच्या मापात टाकू नयेत.